नऊ तासांचा आठवडा

सोमवार, बुधवार, शुक्रवार मी पूर्वेला जाते. मंगळवार, गुरुवार, शनिवार पश्चिमेला. रविवारी धुणं आणि आठवड्याचा हिशेब.

आमचं घर मूलला. चंद्रपूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, धानाचं आणि राइस मिलचं. इथून एक रस्ता सावली, व्याहाड करत वैनगंगेच्या पुलावरून गडचिरोलीला जातो. दुसरा चिचपल्लीच्या जंगलातून चंद्रपूरला. दोन्हीकडे साधारण चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. पूर्वेला माझं कॉलेज आहे, तिथे मी तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवते. पश्चिमेला डायलिसिसचं केंद्र आहे, तिथे माझा नवरा आठवड्यातून तीनदा, चार-चार तास मशीनला जोडलेला असतो.

घरात मी त्याला 'तुम्ही' म्हणते. इथे लिहिताना 'तो'च बरा वाटतोय.

एसटीत त्याचं तिकीट शून्य रुपयांचं निघतं, कारण डायलिसिसच्या रुग्णांना पूर्ण सवलत आहे. माझं अर्धं, कारण मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. सकाळच्या बसचा कंडक्टर आता ओळखीचा झाला आहे. न विचारता दोन तिकिटं फाडतो, एक शून्य आणि एक अर्धं. नवरा एकदा त्याला म्हणाला, "पाहा ना भाऊ, आमी दोघं मिळून अर्धाच मानूस भरतो." कंडक्टर हसला. मीही हसले. मग चिचपल्ली येईपर्यंत कुणी काही बोललं नाही.

*

ज्यांच्या घरात कुणी प्राध्यापक नाही, त्यांना तासिका तत्त्व म्हणजे काय ते सांगते. कॉलेजात पूर्णवेळ जागा रिकामी असते. ती भरली जात नाही. मग तिचं काम तासांत तोडून वाटलं जातं. एका माणसाला आठवड्याला जास्तीत जास्त नऊ तास. एका तासाचे हजाराच्या आसपास रुपये. ऐकायला बरं वाटतं. पण पैसे फक्त वर्गात उभं राहून घेतलेल्या तासाचे. दिवाळीची सुट्टी, उन्हाळा, परीक्षा, निवडणूक, गोसीखुर्दचे दरवाजे उघडल्यावर येणारा पूर, कुणाचं निधन झालं म्हणून लवकर सुटलेलं कॉलेज, हे सगळं शून्य. नेमणूक एका वर्षापुरती. मानधन महिन्याला येत नाही. बिल जातं, फिरतं, त्रुटी निघते, परत जातं आणि कधीतरी एकदम येतं. वर्षभराची कमाई बारांनी भागली तर माझ्या हातात महिन्याला सोळा-सतरा हजार पडतात.

मी सेट पास आहे. गोंडवाना विद्यापीठात पीएच.डी.ची नोंदणी केली आहे. हे विद्यापीठ २०११ साली नागपूर विद्यापीठातून वेगळं झालं आणि चंद्रपूर, गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी गडचिरोलीत आलं. तेव्हा आमच्यासारख्यांना वाटलं होतं, आता शिकायला नागपूरला जावं लागणार नाही. ते खरंही झालं. शिकलेल्यांना जागा कुठे मिळणार, हा प्रश्न मात्र तसाच राहिला. दोन ठिकाणी मुलाखतीला गेले. एका ठिकाणी मुलाखत संपल्यावर बाहेर उभ्या असलेल्या एका माणसाने मला हळूच विचारलं, "तुमच्याकडून बोलायला कोण येणार?" बोलायला म्हणजे कशाला, ते मला कळलं. तेव्हा नवरा बरा होता. परतताना मी त्याला म्हटलं, आपल्याकडून बोलायला कुणी नाही. तो म्हणाला, "मंग नको बोलू."

*

त्याचं मोटार वायंडिंगचं दुकान होतं. शेतातल्या पंपाची मोटार जळली की लोक ती सायकलला बांधून त्याच्याकडे आणायचे. तो जळकी तांब्याची तार काढायचा, वेटोळी मोजायचा आणि नवी भरायचा. थंडीत, झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू झाला की जनरेटर आणि लाइट घेऊन नाटक कंपनीबरोबर गावोगाव जायचा. रात्रभर नाटक, पहाटे परत, दहाला दुकान. पाय सुजायचे ते जागरणामुळे, असं आम्ही समजलो. डोकं दुखायचं ते जनरेटरच्या आवाजाने, असंही समजलो. बीपी कधी मोजलंच नव्हतं. चौतिसाव्या वर्षी कोण मोजतं?

एका रात्री त्याला श्वास घेता येईना. गाडी करून नागपूर. खासगी दवाखान्यात अकरा दिवस, मानेत नळी, तातडीचं डायलिसिस. एक लाख ऐंशी हजार. त्यासाठी एक एकर धानाची जमीन गेली. सासूबाईंनी अंगठा लावला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "वावर कुठी पळते? पोरगा पळन."

जमीन विकल्यावर आम्हाला सरकारी योजना कळली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस मोफत होतं. आमच्याकडे केशरी रेशनकार्ड होतं. पण आधार कार्डावरच्या आणि रेशनकार्डावरच्या नावात एका कान्याचा फरक होता. तो काना दुरुस्त व्हायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत तीन डायलिसिस रोखीने झाले. मी अर्थशास्त्र शिकवते, पण एका कान्याची किंमत मला तेव्हा पहिल्यांदा कळली.

पुढे वाचताना आणखी एक गोष्ट कळली. याच योजनेचं जुनं नाव राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना. २ जुलै २०१२ला ती पहिल्यांदा आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात गडचिरोली होता, चंद्रपूर नव्हता. उरलेल्या महाराष्ट्रात ती नोव्हेंबर २०१३मध्ये आली. म्हणजे जवळजवळ सोळा महिने वैनगंगेच्या त्या काठावर आणि या काठावर एकाच आजाराला दोन वेगळी उत्तरं होती. मी त्या पुलावरून आठवड्याला सहा वेळा जाते. नदी खूप रुंद आहे असं मला आधी कधी वाटलं नव्हतं.

योजनेवर मी नाराज नाही. ती नसती तर हा लेख लिहायला मी असते, तो नसता. पण 'मोफत' या शब्दाचा अर्थ मी आता नीट वाचते. मशीनचे चार तास मोफत आहेत. बीपीच्या आणि फॉस्फरसच्या गोळ्या, मधल्या तपासण्या, मूल ते चंद्रपूर प्रवास, बाहेरचं खाणं आणि सोबत बसणाऱ्या माणसाचा दिवस, हे त्या चार तासांच्या बाहेर आहे. आमच्या घरी या बाहेरच्या गोष्टींचे महिन्याला पाच-सहा हजार होतात. त्यात माझा दिवस धरलेला नाही.

*

डायलिसिस म्हणजे काय ते त्याने मला समजावलं. डॉक्टरांनीही सांगितलं होतं, पण मला कळलं ते त्याच्याकडून. "ह्या नळीतून रक्त बाहेर. हा पंप. हा फिल्टर. पलीकडून पानी उलट्या दिशेनं. घान पान्यात, रक्त वापस. प्रेशर वाढलं का अलार्म." मशीनचा अलार्म वाजला की तो नर्सच्या आधी स्क्रीन वाचतो.

त्याच्या डाव्या हातात फिस्टुला आहे. शस्त्रक्रिया करून धमनी आणि शीर जोडलेली, म्हणजे सुया टोचायला जाड, वेगवान शीर मिळते. तिच्यावर तळहात ठेवला की सतत घरघर लागते. ती घरघर थांबली की धावपळ, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलंय. रोज रात्री झोपण्याआधी मी हात ठेवून बघते. तो विचारतो, "मोटार चालू हाय का?"

चालू आहे म्हणून सांगते. मग झोपतो.

चंद्रपूरच्या उन्हाळ्याबद्दल तुम्ही ऐकलं असेल. मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला तर इथे कुणी मान वर करून बघत नाही. अशा उन्हाळ्यात त्याला दिवसाला एक लिटर पाणी. त्यात चहा आला, वरण आलं, गोळ्या गिळायचं पाणी आलं. सकाळी मी एक लिटरची बाटली भरून ठेवते. त्याने जेवढा चहा घेतला, तेवढं पाणी त्यातून काढून टाकते. दुपारी कूलरसमोर बसून तो बर्फाचा एक खडा तोंडात धरतो आणि तो विरघळायला किती वेळ लागला ते मोबाइलवर मोजतो. मशीनला मात्र एका वेळेला सुमारे १२० लिटर शुद्ध पाणी लागतं. मिनिटाला अर्धा लिटर, चार तास. हा हिशेब त्यानेच करून दाखवला. "मले एक अन् हिले एकशेवीस."

तो मशीनवर असताना बाहेर बाकावर बसून मी मोबाइलवर वाचते. सुरुवातीला पीएच.डी.चं वाचायचे. मग याचंच वाचू लागले. नेदरलँड्समधल्या काम्पेन नावाच्या गावात १९४३ साली, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, विलेम कॉल्फ नावाच्या तरुण डॉक्टरने पहिलं चालणारं मशीन बनवलं. सॉसेज भरायची सेलोफेनची नळी त्याने लाकडी पिंपाभोवती गुंडाळली होती. सुरुवातीचे बहुतेक रुग्ण वाचले नाहीत. १९४५मध्ये ६७ वर्षांची एक बाई शुद्धीवर आली. हे मी घरी वाचून दाखवलं तेव्हा नवरा कितीतरी दिवसांनी उठून बसला. "पिंपाले नळी गुंडाळली? म्हंजे वायंडिंगच होय ना ते."

दुसरी गोष्ट त्याला सांगितली नाही. अमेरिकेत, सिअॅटलला, १९६०मध्ये बेल्डिंग स्क्रिब्नर या डॉक्टरने हातात कायम राहू शकेल अशी नळी बसवली आणि पहिल्यांदा वर्षानुवर्षं डायलिसिस करणं शक्य झालं. पण मशीन मोजकी आणि रुग्ण खूप. मग तिथल्या नागरिकांची एक समिती बसवली. मशीन कुणाला द्यायचं, ते ती ठरवायची. समिती बघायची की माणूस कमावता आहे का, शिकलेला आहे का, मुलंबाळं किती, चर्चला जातो का. १९६२मध्ये 'लाइफ' साप्ताहिकाने हे छापलं तेव्हा लोक हादरले. पुढे १९७२मध्ये तिथल्या सरकारने जवळजवळ सगळ्यांच्याच डायलिसिसचा खर्च उचलायचा कायदा केला.

वाचून मी विचार केला, आपल्याकडे बरं आहे, अशी समिती नाही. मग पाचव्या खुर्चीवरचे काका आठवले. लांबच्या खेड्यातून मुलाबरोबर यायचे. दोन बस बदलायच्या. मुलगा मजुरी करायचा. डायलिसिस मोफत, काकांचं तिकीट मोफत. मुलाचा दिवस मात्र मोफत नव्हता. जुलैत रोवणी सुरू झाली, मजुरीचे भाव वाढले, आणि काका आठवड्यातून तीनदाऐवजी दोनदा येऊ लागले. मग एकदा. मग ती खुर्ची दुसऱ्या कुणाला मिळाली. त्यांना कुणी नाकारलं नव्हतं. कुणी समितीही बसवली नव्हती. त्यांच्या मुलाच्या दिवसाला कुठे रकाना नव्हता, एवढंच.

*

आमच्या अभ्यासक्रमात 'संधी खर्च' नावाची संकल्पना आहे. एक गोष्ट निवडली की दुसरी सोडावी लागते. जे सोडलं, ती निवडलेल्या गोष्टीची खरी किंमत. पुस्तकात गहू आणि तांदळाचं उदाहरण असतं. मी वर्गात विचारलं, तुमची उदाहरणं सांगा. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. ती क्वचित बोलते. म्हणाली, "मॅडम, मी आज वर्गात आहे म्हणून आज घरी रोवणीची एक मजुरी कमी आहे."

मी फळ्याकडे वळले. डोळ्यांत पाणी वगैरे आलं नव्हतं. मला एक वेगळीच गोष्ट दिसली होती.

झालं असं होतं की मागच्या वर्षी पावसाळ्यात वर्गात मुलंच नसायची. हजेरी नसेल तर तास बिलात कसा लिहायचा? एक-दोनदा मी रिकाम्या वर्गात बसून परत आले. मुलांना ते कळलं. त्यांनी व्हॉट्सअॅपवर एक ग्रुप काढला. आधी वाटलं नोट्ससाठी असेल. मग एकीने चुकून मला त्यातला स्क्रीनशॉट पाठवला. "उद्या ११ वाजता ५ जण तरी या. मॅडमचा तास बुडू नये." पावसात, अठरा-वीस किलोमीटरवरून मुलं यायची, ती फक्त शिकायला नव्हे. माझा तास भरावा म्हणूनही. आणि त्यासाठी त्यांची मजुरी बुडायची. माझे नऊ तास त्यांच्या रोवणीतून येत होते.

मी त्यांना म्हटलं, असं करू नका. ती म्हणाली, "तुमी बी येताच ना मॅडम."

एक कबुलीही देते. मला कॉलेजचे दिवस आवडतात. व्याहाड सोडून बस पुलावर चढली की छाती मोकळी होते. पुलापलीकडे क्रिअॅटिनिन किती आलं, असं मला कुणी विचारत नाही. तिथे मी मॅडम असते. आणखी एक कबुली. एका रविवारी हिशेब करताना मी वहीत त्याच्या औषधांची, तपासण्यांची, खाण्याची ओळ वगळून बेरीज केली. फक्त बघायला. मग ते पान फाडलं. कागद चुलीत घातला, तरी बेरीज मला अजून पाठ आहे.

*

मागच्या वर्षीच्या एका शुक्रवारबद्दल मी अजून कुणाशी नीट बोलले नाही.

गुरुवारी केंद्रातलं एक मशीन बंद पडलं आणि त्याची पाळी शुक्रवारवर गेली. शुक्रवारी माझे तीन तास. त्या महिन्यात आधीच पाच तास बुडाले होते. तो म्हणाला, "मी जातो एकटाच, लहान हाव का?" मी हो म्हटलं. ते 'हो' किती पटकन आलं, हे मला आठवतं.

त्या दिवशी मी वर्गात आरोग्यावरचा खर्च शिकवत होते. राष्ट्रीय आरोग्य लेखा अहवालानुसार भारतात आरोग्यावरच्या एकूण खर्चापैकी लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. मी फळ्यावर दोन स्तंभ काढले, एक उंच, एक बुटका. चांगली सुधारणा आहे, असं सांगितलं. ती आहेच. मग म्हटलं, पण बुडालेली मजुरी यात धरत नाहीत, कारण ती खर्च झालेली नसते, ती आलेलीच नसते. वर्ग शांत होता. तास रंगला होता. फोन पर्समध्ये सायलेंटवर.

अकरा मिस्ड कॉल.

डायलिसिसनंतर त्याचं बीपी खाली गेलं होतं. केंद्रात थोडं थांबून, बरं वाटतंय म्हणून त्याने बस पकडली. चिचपल्ली ओलांडल्यावर तो सीटवरून खाली घसरला. कंडक्टर तोच होता, शून्य आणि अर्धंवाला. त्याने प्रवाशांना उठवून मागच्या लांब सीटवर त्याला आडवं केलं, पाय वर धरले आणि ड्रायव्हरला मधले थांबे न घेता गाडी मूलला न्यायला सांगितलं. बसमधल्या कुणीतरी त्याच्या फोनवरून मला अकरा वेळा लावला.

मी पोचले तेव्हा सलाइन लागलं होतं आणि तो बऱ्यापैकी शुद्धीत होता. पहिलं वाक्य काय, तर "तीनही तास झाले ना?"

झाले होते. त्या महिन्याच्या बिलात ते तीन तास भरलेले आहेत. सही माझी आहे.

*

आता किडनीबद्दल.

डॉक्टरांनी पहिल्यापासून सांगितलं होतं, वय कमी आहे, प्रत्यारोपणाचा विचार करा. सासूबाईंना मधुमेह. भावाचा रक्तगट जुळत नाही. माझा जुळतो. कुणीही मला 'दे' म्हटलं नाही. गरजच पडली नाही. रक्तगटाचा कागद आला तेव्हा घरातले सगळे एकदम माझ्याशी फार प्रेमाने वागू लागले.

मी आकडे बघितले, कारण मला तेवढंच येतं. १९९५ ते २०२१ या काळात देशात झालेल्या ३६,६४० अवयव प्रत्यारोपणांपैकी २९ हजारांहून अधिक अवयव पुरुषांना मिळाले. बायकांना ६,९४५. आणि जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत बहुसंख्य बायका. कायद्यालाही हे ठाऊक आहे. १९९४चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा नवरा-बायकोला जवळचे नातेवाईक मानतो, पण २०१४चे नियम म्हणतात की दाता स्त्री असेल तर जास्त काळजी घ्या, तिची स्वतंत्र संमती रुग्णाखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून तपासून घ्या. हे वाचताना मला त्या नियम लिहिणाऱ्याचा हात धरावासा वाटला. कुणीतरी आमच्यासारखी घरं आतून पाहिली होती.

मग मी स्वतःलाच विचारलं, तुझी संमती स्वतंत्र आहे का? प्रामाणिक उत्तर असं की मला द्यायची आहे. त्याचा जीव वाचावा म्हणून आहे आणि माझे मंगळवार, गुरुवार, शनिवार मला परत हवेत म्हणूनही आहे. दुसरं कारण पहिल्याइतकंच मोठं आहे. ते लपवून ठेवलं तर संमती खोटी होईल.

एप्रिल २०२३मध्ये केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी आदेश काढला, अवयवदान केलं तर ४२ दिवसांपर्यंत विशेष रजा. चांगला आदेश आहे. ४२ दिवस म्हणजे सहा आठवडे. माझ्या भाषेत ५४ तास. मी कुणाची कर्मचारी आहे, हेच ठरलेलं नसल्यामुळे माझी रजा शून्य. शस्त्रक्रिया योजनेत बसली तरी पुढे त्याला जन्मभर औषधं लागणार, शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून. त्यांचा खर्चही महिन्याला हजारांत. म्हणजे किडनी दिल्यावर नोकरीची गरज आत्ताइतकीच राहणार. आणि ५४ तास बुडाले तर पुढच्या वर्षी माझ्या नावापुढे 'अनियमित' असा शेरा यायला वेळ लागणार नाही.

म्हणून मी मे महिना ठरवला. उन्हाळ्यात कॉलेज बंद असतं. तेव्हा मला तसंही काही मिळत नाही, त्यामुळे काही बुडणारही नाही.

हे मी त्याला बसमध्ये सांगितलं, शनिवारी परत येताना. तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता. मोहाची झाडं पालवीला आली होती. मग म्हणाला, "मले नको."

"काऊन?"

"एका घरात दोन पेशंट काऊन पायजे? तुले काई झालं तर तुया हातावर हात कोन ठेवन?"

मी म्हटलं, दात्याला फारसं काही होत नाही, डॉक्टर नीट तपासतात, एका किडनीवर माणूस चांगला जगतो.

"थे मले बी माहीत हाय," तो म्हणाला. "पन तू मे महिना का निवडला, थे बी माहीत हाय. तू सुट्टी पाहून पोट फाडून घेऊन राहिली. थे मले चालत नाही."

मला राग आला. मी म्हटलं, मग जूनमध्ये करू का? बुडवू का तास? पैसे कुठून आणू? आवाज वाढला असावा, कारण पुढच्या सीटवरच्या बाईने मागे वळून बघितलं. तो काही बोलला नाही. मूल येईपर्यंत आम्ही दोघं आपापल्या बाजूला बघत बसलो. उतरताना त्याने पिशवी माझ्या हातातून घेतली. उजव्या हाताने. डाव्या हाताने त्याला ओझं उचलता येत नाही.

रात्री मी फिस्टुलावर हात ठेवला. त्याने विचारलं नाही, मोटार चालू आहे का म्हणून. मीच सांगितलं.

"तपासन्या करून घे," अंधारात तो म्हणाला. "पुढचं पुढं पाहू. पन मे नाही. पावसाळा लागू दे. थोडी थंडी पडू दे. तुले पानी प्याले लागन लय. मी पाजीन."

पैशांबद्दल त्याने काही सांगितलं नाही. माझ्याकडेही उत्तर नव्हतं. अजून नाही.

*

तपासण्यांसाठी नागपूरला येत्या सोमवारी बोलावलं आहे. सोमवारी माझे तीन तास आहेत. मी मुलांच्या ग्रुपवर मेसेज टाकला, सोमवारी तास होणार नाही. आता त्या ग्रुपवर मीही आहे. कारण लिहिलं नाही. कुणी विचारलंही नाही. दहा मिनिटांनी मागच्या बाकावरच्या मुलीचा मेसेज आला.

"मॅडम, रविवारी घेता का मंग? आमी येतो."

रविवारचा तास बिलात धरत नाहीत.

मी लिहिलं, घेते. अकरा वाजता.